राणी विधवा झाली तेव्हा

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षी माझी मोठी बहीण विधवा होऊन घरी आली. आमच्या तांड्यात मोठ्या बहिणीला ‘बाई’ म्हणतात, म्हणून इथेही मी तिला बाईच म्हणते. तिचं वय विशीच्या आसपास. कडेवर नुकता चालायला लागलेला मुलगा. लग्न झालेल्या आमच्या बाया दंडांवर खांद्यापर्यंत पांढऱ्या हाडाच्या बांगड्या भरतात, त्याला चुडो म्हणतात. तो उतरवला होता. लग्नापासून तिचे दंड मी कधी उघडे पाहिले नव्हते. बांगड्यांखालची कातडी फिकट आणि मऊ राहिली होती, लहान पोरीच्या हातासारखी. बैलगाडीतून उतरताना ती दोन्ही हात ओढणीखाली झाकू पाहत होती, आणि कडेवरच्या पोरामुळे तिला ते जमत नव्हतं.

तिचं सासर नेरजवळच्या एका तांड्यात. आमचा तांडा पुसदपासून पायी जाण्याच्या अंतरावर. मधे एवढा मुलूख होता की तिचा नवरा आजारी असल्याचं आम्हाला कळलं आणि तो गेल्याचं कळलं, ते जवळजवळ एकाच वेळी. नेरच्या कंपाउंडरनं मुदतीचा ताप सांगितला होता. एकवीस दिवसांनी उतरेल म्हणाला होता. तेवढे दिवस काही तो काढू शकला नाही.

मी तेव्हा आठवीत होते. तांड्यातून पुसदच्या शाळेत जाणारी मुलगी मी एकटीच. बापूंना, म्हणजे वडिलांना, वाटायचं, घरातलं एक तरी पोर शिकावं. भाऊ शाळेत टिकला नाही, मी टिकले, एवढंच त्याचं कारण. सकाळी भाकरी बांधून जायची आणि ऊन उतरताना परत यायची. बाई आल्यापासून संध्याकाळी आम्ही दोघी जात्यावर बसत होतो. घरात आम्ही गोर बोलीच बोलायचो. इथे ते बोलणं गावाकडच्या वऱ्हाडीत लिहिते आहे, कारण आमची बोली वाचणारे थोडे.

सुरुवातीला बाई काही बोलायचीच नाही. जात्याचा खुंटा धरायची आणि ओढत राहायची. पीठ किती झालं, ज्वारी संपली का, याचं तिला भान नसायचं. घरात तिच्याशी कसं बोलावं हे कुणाला कळत नव्हतं. याडी, म्हणजे आई, तिच्यासमोर हसायची नाही आणि रडायचीही नाही. मग मी शाळेतलं काहीबाही सांगायला लागले. ती ऐकते की नाही याची मी पर्वा केली नाही. घरातली शांतता मला सहन होत नव्हती, एवढंच.

त्या वर्षी इतिहासाच्या पुस्तकात इंग्रजांच्या राणीवर अर्धं पान होतं. आमचे इतिहासाचे मास्तर दम्याचे रोगी. दोन वाक्यं बोलली की थांबून श्वास घ्यायचे. पण त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचं एक जाड इंग्रजी पुस्तक होतं, चित्रांचं, आणि त्या अर्ध्या पानावर त्यांचं समाधान होत नव्हतं. पुढच्या वर्षी हा धडा निघणार आहे, तेव्हा ऐकायचं ते आत्ताच ऐकून घ्या, असं म्हणून त्यांनी राणीचं सबंध आयुष्य सांगायला घेतलं. रोज थोडं. ते सगळं मी संध्याकाळी जात्यावर बाईला सांगत गेले.

राणी तान्ही असतानाच तिचा बाप गेला. आईनं तिला एवढं जपलं की जिना उतरतानाही कुणीतरी हात धरल्याशिवाय उतरू द्यायचे नाहीत. झोपायचं ते आईच्याच खोलीत. अठरा वर्षांची असताना एका पहाटे तिला उठवून सांगितलं की तुझा चुलता वारला, आता तू राणी. त्या दिवशी तिनं पहिल्यांदा मागितलं ते काय, तर घटकाभर मला एकटीला बसू द्या. आणि आपला पलंग आईच्या खोलीतून बाहेर काढायला लावला. वर्गात सगळे हसले होते. बाई हसली नाही. राणीनं मामाच्या मुलाला स्वतःहून लग्नाचं विचारलं, कारण राणीला मागणी घालायची कुणाची छाती नव्हती, हे सांगितलं तेव्हाही ती जातं ओढत राहिली. त्या दोघांना नऊ लेकरं झाली. मग बेचाळिसाव्या वर्षी नवरा आजारी पडला.

“कायनं?” बाईनं विचारलं. कितीतरी दिवसांत तिनं आपणहून विचारलेली ती पहिली गोष्ट होती.

मी सांगितलं, मुदतीच्या तापानं.

जातं थांबलं. बाईनं खुंट्यावरचा हात काढला नाही, पण ओढलंही नाही. मग म्हणाली, “राणीच्या घरी वैद नव्हता?”

मी म्हटलं, पुष्कळ होते. मोठमोठे डॉक्टर होते.

“तरी गेला,” ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा दळायला घेतलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा, ज्वारी संपल्यावर थांबली.

तेव्हापासून बाई माझी वाट पाहायला लागली. शाळेतून येताना मला तांड्याच्या वाटेवरच्या बाभळीखाली ती दिसायची, पोराला कडेवर घेऊन. आज मास्तरांनी काय सांगितलं, हा तिचा पहिला प्रश्न. तिचे प्रश्न मी मास्तरांकडे नेऊ लागले. राणीनं कुंकू पुसलं का? तिला पुन्हा कुणाच्या घरी बसवलं का? तिला लग्नाकार्यात बोलावत होते का? मास्तर आधी चकित झाले. मग प्रश्न कुणाचे आहेत हे मी सांगितलं. नंतर ठाऊक होतं ते त्यांनी नीट सांगितलं, नव्हतं तिथे ठाऊक नाही म्हणाले.

राणीनं काळे कपडे घातले, मरेपर्यंत, जवळजवळ चाळीस वर्षं. दरबारात यायची नाही, लोकांना दिसायची नाही. लोक कुरकुरायला लागले की राज्य कुणाचं चाललं आहे. आणि रोज सकाळी तिच्या हुकुमानं मेलेल्या नवऱ्याच्या खोलीत दाढीचं गरम पाणी आणि धुतलेले कपडे काढून ठेवायचे, तो आत्ता येणार असल्यासारखे.

हे मी ज्या दिवशी सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी याडी अंगणात किंचाळली. बाहेरच्या बाजेवर बाईच्या नवऱ्याचं धोतर आणि लाल पटका घडी घालून ठेवलेला होता, शेजारी गरम पाण्याचा लोटा. बाईनं ते सासरहून गाठोड्यात बांधून आणलेलं आम्हाला माहीतच नव्हतं. याडी म्हणाली, मेलेल्या माणसाला असं बोलावू नये, तो येतो आणि एकटा परत जात नाही. तिनं पोराला उचलून आत नेलं. बाईनं काही वाद घातला नाही. पाणी गार झाल्यावर तिनं ते तुळशीला घातलं, कपडे गाठोड्यात ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा काढले.

महिनाभर रोज हे चाललं. शेवटी याडी ओरडायची थांबली. त्या बाजेवर मात्र घरातलं कुणी बसेना.

बाजाराच्या दिवशी बाई माझ्याबरोबर पुसदला आली. तिला एक ओढणी काळी रंगवून घ्यायची होती. आमच्यातल्या विधवा बाया आरसे-कवड्यांचे भरजरी कपडे सोडतात, साधं नेसतात, पण मुद्दाम काळं कुणी नेसत नाही. बाजाराच्या टोकाला एका म्हाताऱ्या मुसलमान रंगाऱ्याची भट्टी होती. त्याच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत निळा रंग बसलेला, कधी न जाणारा. त्यानं ओढणी उलटसुलट पाहिली. मोहरमला काळं रंगवायला लोक येतात, म्हणाला, मोहरम तर होऊन गेला. मग त्यानं बाईच्या उघड्या दंडांकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही. “पक्का रंग डालता हूँ, बेटी,” एवढंच म्हणाला. “धोने से नहीं उतरेगा.”

ओढणी वाळेपर्यंत आम्ही शाळेकडे गेलो. मास्तर त्या दिवशी एकटेच वर्गात वह्या तपासत होते. बाई दारात थांबली, आत येईना. मी मास्तरांना सांगितलं. ते ते जाड पुस्तक घेऊन बाहेर ओट्यावर आले, बाईपासून चार हात लांब बसले आणि राणीचं म्हातारपणीचं चित्र उघडून पुस्तक जमिनीवर तिच्याकडे सरकवलं. काळ्या कपड्यातली जाडसर बाई. डोक्यावर पांढरी टोपी, गाल ओघळलेले, डोळे जड. माझ्या मनात राणी म्हणजे काहीतरी वेगळंच होतं. मला जरा वाईट वाटलं.

बाईनं ते चित्र फार वेळ पाहिलं. पोरगं कागदाला हात लावायला गेलं तेव्हा त्याची मूठ तिनं आपल्या हातात धरून ठेवली.

“लई रडली हे,” ती म्हणाली. “रडून रडून डोळे असे होतात.”

मास्तरांनी मान हलवली. मग त्यांना खोकल्याची उबळ आली, बराच वेळ गेली नाही. आम्ही उठलो तेव्हा त्यांनी हातानंच या म्हटलं.

काळी ओढणी पाहून तांड्यात कुजबुज झाली, पण सगळ्यात जास्त राग आला तो दादांना, म्हणजे आजोबांना. दादांची नजर जवळपास गेली होती. दिवसभर कडुनिंबाखाली बसलेले असायचे. काळी ओढणी त्यांना दिसली नाही, याडीनं सांगितली, आणि ती कुणाची नक्कल आहे हेही सांगितलं. त्यांनी आम्हा दोघींना बोलावून समोर बसवलं.

दादांचा जन्म राणीच्या राज्यातलाच. त्यांच्या बापाची लदेणी होती. मीठ, धान्य, कापड बैलांच्या पाठीवर लादून आमचे लोक मुलूखभर फिरायचे, सैन्यांना रसद पुरवायचे. तांडा चालला की पुढचा बैल एका गावात आणि मागचा दुसऱ्या गावात, असं दादा सांगायचे. मग राणीच्या लोकांनी रेल टाकली. रेल जे एका दिवसात नेई, त्याला आमच्या बैलांना पंधरा दिवस लागत. मिठावर कर बसला. जंगलात बैल चारायला मनाई झाली. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या चालत होते ते जागच्या जागी बसले, आणि बसले तर पोटाला काही नाही. त्यात चोर म्हणून नाव पडलं. चोरी कुठेही झाली की शिपाई आधी तांड्यात यायचे. दादांच्या लहानपणी त्यांच्या बापाला चौकीवर हजेरी द्यायला जावं लागे. हे दादांनी आम्हाला कितीदा तरी सांगितलं होतं. राणीचं नाव घेऊन पहिल्यांदाच सांगत होते.

शेवटी ते बाईकडे तोंड करून म्हणाले, “तिचा एक माणूस मेला तं तिनं जनमभर काळं नेसलं. छपन्नच्या काळात माह्यी आई मेली, दोन भाऊ मेले. तरोट्याचा पाला खाऊन मेले. तवा ती कोणासाठी नेसली होती?”

छपन्नचा काळ म्हणजे संवत छपन्नचा दुष्काळ, राणीच्या राज्याच्या अगदी शेवटचा. बाई म्हणाली, राणी तिकडे दूर होती, तिला कसं कळणार. मी मधेच सांगितलं की म्हातारपणी राणी एका हिंदुस्थानी नोकराकडून इकडची भाषा शिकली होती, मास्तरांनी सांगितलं आहे. बाईचा चेहरा जरा खुलला. म्हणजे आपण बोललेलं तिला समजलं असतं, ती म्हणाली.

“समजलं असतं तं विचारलं असतं,” दादा म्हणाले, आणि तोंड फिरवून बसले.

दुसऱ्या दिवशी मी दादांचा प्रश्न मास्तरांना विचारला. दुष्काळात राणीनं काय नेसलं होतं? मास्तर म्हणाले, काळंच. पण ते आपल्यासाठी नव्हतं. बाईला मी ते उत्तर सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही.

कापूस फुटायला लागला तेव्हा नेरहून माणसं आली. बाईचा सासरा, धाकटा दीर आणि दोन म्हातारे. आमच्याकडून तांड्याचा नायक आणि बापू बसले. आमच्यात रीत होती, की थोरला भाऊ गेला तर त्याच्या बायकोनं धाकट्याच्या घरी बसायचं, पाट लावायचा. घर मोडत नाही, लेकरू उघडं पडत नाही. दीर अठरा-एकोणीस वर्षांचा, मिसरूड फुटलेला. वाईट पोरगा नव्हता. पुतण्यासाठी बत्ताशे घेऊन आला होता आणि सगळा वेळ त्यालाच मांडीवर घेऊन बसला. बाईकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही, लाजेनं असावं.

बोलणं बराच वेळ चाललं. आम्ही बाया आत होतो, कुडाला कान लावून. शेवटी बाईला बाहेर बोलावलं आणि नायकानं विचारलं, तुझं काय म्हणणं आहे. असं विचारायची रीत होती. उत्तर ठरलेलंच असायचं. बाई मान खाली घालेल आणि मोठी माणसं म्हणतील, ठरलं.

बाईनं मान खाली घातली नाही. “मी कोणाच्या घरी बसत नाही,” ती म्हणाली. “मी अशीच राहीन.”

सासऱ्यानं विचारलं, अशीच म्हणजे कशी.

“विलायतची राणी राह्यली तशी.”

माणसं एकमेकांकडे पाहायला लागली. कुठली राणी, नायकानं बापूंना विचारलं. बापूंनी माझ्याकडे पाहिलं. दादा कडुनिंबाखालून हसले, पण ते हसणं चांगलं नव्हतं.

“राणीपाशी पलटन होती,” ते म्हणाले. “तुह्यापाशी कोण हाय?”

“तुम्ही हा ना,” बाई म्हणाली.

ती हे दादांना म्हणाली, की बापूंना, की सगळ्यांना मिळून, ते मला कळलं नाही. बापू जमिनीवर काडीनं रेघा ओढत होते. त्या वेळी कुणी एक जण जरी हो म्हणाला असता तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, असं मला कितीतरी वर्षं वाटत राहिलं. आता वाटतं, एकट्यानं हो म्हणून काही भागलं नसतं. तांड्यात एकट्याचं काही चालत नव्हतं.

नायकानं निवाडा दिला. बाईवर जबरदस्ती नाही. ती बापाच्या घरी राहू शकते. पण पोरगं ज्या घरचं आहे त्या घरी जाईल. कापसाची वेचणी होईपर्यंत ते आईजवळ राहील, अंगावरचं दूध तोवर सुटेल.

दूध सुटलं नाही. बाईनं सोडवलंच नाही. थंडीच्या दिवसांत सासरा आणि दीर परत आले तेव्हा ती पोराला पाजतच होती. तिनं भांडण केलं नाही. त्याच्या कुंच्या, झबली, कमरेची घुंगरं, सगळं एका फडक्यात बांधून दिलं. त्याला ताप आला की काय द्यायचं ते सासऱ्याला सांगितलं. पोरगं दिराच्या खांद्यावर बसलं, त्याच्या पटक्याला धरून, आणि हसत गेलं. त्याला बैलगाडी दिसली होती.

रात्रीतून बाईची छाती दगडासारखी झाली. याडी गरम फडक्यानं शेकायची आणि दूध पिळून मातीच्या वाटीत काढायची. असं चार-पाच दिवस चाललं. याडी ती वाटी घेऊन गोठ्यामागे जाऊन रिकामी करायची, आम्हाला दिसू नये म्हणून. आम्हाला दिसायचं.

सकाळचं धोतर, पटका आणि गरम पाणी मात्र चुकलं नाही. काळी ओढणी घेऊन बाई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची, परत आली की माझ्याजवळ बसायची. मास्तर मधे आजारी होते. बरे होऊन आल्यावर त्यांनी राणीची गोष्ट पुढे सांगितली, आणि मी ती नेहमीसारखी घरी नेली.

राणीचा थोरला मुलगा कॉलेजात असताना काही वाईट संगतीला लागला होता. ते कळल्यावर त्याला समजवायला बाप थंडी-पावसात गेला, परत आला आणि अंथरुणाला खिळला. नवरा गेल्यावर राणीनं सगळा दोष त्या मुलावर ठेवला. तिनं लिहून ठेवलं आहे की त्याच्याकडे पाहिलं की माझ्या अंगावर शहारा येतो. वर्षानुवर्षं तिनं त्याला राज्याच्या कामात हात लावू दिला नाही. तो पन्नाशी ओलांडून गेला तरी ती त्याच्यावर रुसलेलीच होती.

मी हे सांगितलं तेव्हा बाई चुलीपुढे भाकरी थापत होती. भाकरी तव्यावर टाकली आणि तिचा हात तसाच राहिला.

“लेकरू जवळ होतं?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, जवळच. एकाच गावात. हवं तेव्हा बोलावलं असतं.

“अन् तोंड पाहत नव्हती?”

मी नाही म्हटलं. भाकरी करपायला लागली. याडीनं पुढे होऊन ती उलटली. बाई माझ्याकडे पाहत होती, पण मला पाहत होती असं मला वाटलं नाही.

“मंग तिले काही समजलं नाही,” ती म्हणाली. “इतकी राणी असून काही समजलं नाही.”

दुसऱ्या दिवशी बाहेरची बाज रिकामी होती. तिसऱ्या दिवशीही. याडीनं दोनदा गाठोड्याकडे पाहिलं, हात लावला नाही. राणीचं पुढे काय झालं हे बाईनं पुन्हा कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. सांगण्यासारखं बरंच उरलं होतं. इथे कधीही न येता ती हिंदुस्थानची बादशहीण झाली. तिच्या राज्याच्या साठ वर्षांचा सोहळा विलायतेत थाटात झाला, तेव्हाही इकडे दुष्काळच होता. आणि मेल्यावर आपल्याला पांढऱ्या कपड्यांत पुरा, अंगावर लग्नातली ओढणी घाला, असं ती सांगून गेली होती. हे सगळं माझ्याजवळच राहिलं. वर्ष संपलं, मास्तर म्हणाले होते तसा तो धडा पुस्तकातून गेला.

याडी मला म्हणायची, तुझ्या गोष्टीनं हिचं वाटोळं झालं. मला तसं वाटलं नाही, आजही वाटत नाही. गोष्ट ऐकली नसती तरी बाई नाहीच म्हणाली असती. गोष्टीतून तिला फक्त काय म्हणायचं ते मिळालं.

पुढच्या होळीनंतर बाई बापूंना म्हणाली, मला नेरला पोचवा. पाट लावायला तयार आहे का, बापूंनी विचारलं. ते म्हणतील ते करीन, ती म्हणाली. भाऊ तिला एस.टी.नं घेऊन गेला. परत येऊन त्यानं सांगितलं ते असं. दिराचं लग्न थंडीतच झालं होतं, आर्णीकडची मुलगी केली होती. नवी सून घरात होती आणि पोरगं तिच्या कडेवर होतं. बाईला पाहून ते आधी लपलं. सासरा म्हणाला, आता घरात जागा नाही, पण कामाला हात लागतातच. तांड्याच्या कडेला त्यांची एक पडीक झोपडी होती, तिचं छप्पर नीट करून तिथे राहावं. चुडो नाही, पाट नाही, काही नाही. भावानं विचारलं, बाई, परत चलतेस का. तिनं झोपडीतलं गवत काढायला सुरुवात केली होती.

मी मॅट्रिक झाले. दादा त्याच पावसाळ्यात गेले, शेवटपर्यंत रेलचं नाव शिवीसारखं घेत. मी यवतमाळला मास्तरणीचं ट्रेनिंग केलं आणि राळेगावकडच्या एका गावात शाळेवर लागले. नोकरी, बदल्या, माझं लग्न, या सगळ्यात बाईकडे जाणं राहून गेलं. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले, साठच्या दशकाच्या अखेरीला.

झोपडी तिनं लिंपून सारवून छान ठेवली होती. ओढणी साधी, राखाडी झालेली. काळा रंग विटून गेला होता की ती दुसरी होती, मी विचारलं नाही. हात भेगाळलेले. ती चाळिशीची दिसत होती, तिशीही झाली नव्हती. मला पाहून तिला आनंद झाला, पण तो तिनं आवाजात येऊ दिला नाही. घरची सगळी खुशाली तिनं एकेकाची विचारली.

तिचा मुलगा तिसरीत होता. चुणचुणीत. मी मास्तरीण आहे हे कळल्यावर आपलं पुस्तक घेऊन आला आणि झोपडीच्या ओट्यावर बसून मला वाचून दाखवायला लागला. बाई आतून लसूण सोलत ऐकत होती. तो अडला की मी शब्द सांगायची. एका शब्दाला अडून त्यानं आत पाहिलं आणि म्हणाला, “मोठी याडी, पाणी दे.”

मोठी याडी म्हणजे मोठी आई, बापाच्या थोरल्या भावाच्या बायकोला म्हणतात तसं. बाईनं पाणी दिलं. तो प्यायला आणि पुढे वाचायला लागला.

तो वाचत होता तेव्हा मी आत जाऊन हळूच विचारलं, तू त्याची आई हे त्याला सांगितलं नाही का.

“नाई,” ती म्हणाली. “जावेचा जीव हाय त्याच्यावर. ती वाईट नाही. सांगून तिचा जीव कायले खाऊ अन् त्याचा?” मग म्हणाली, “रोज दिसते मले. हाक मारली तं येते.”

तिकडून मोठ्या घरातून त्याच्या याडीनं जेवायला हाक मारली, आणि तो पुस्तक तिथेच टाकून पळाला. बाईनं पुस्तक उचललं, पुसलं आणि कोनाड्यात ठेवलं. मग तिनं दोन भाकरी टाकल्या आणि लसणाची चटणी कुटली. आम्ही दोघी जेवायला बसलो. चटणी फार तिखट झाली होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा तिनं लोटा माझ्याकडे सरकवला आणि माझी बस किती वाजता असते ते विचारायला मुलाला पाठवते म्हणाली.